पेनड्राइव्ह जोडायचा हक्क कोणाचा?

उबुंटू किंवा फेडोरासारखं लिनक्स चालणाऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला की दोन-तीन सेकंदांत पडद्यावर त्याचं चिन्ह उमटतं. क्लिक केलं की आतल्या फायली समोर. पासवर्ड विचारला जात नाही, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागत नाही. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही दिसणार नाही. पण लिनक्स १९९१ साली जन्मलं आणि ही साधी सोय त्यात नीट बसायला २००४ उजाडलं. मधल्या काळात लिनक्सनं वेब सर्व्हर चालवले, महासंगणक चालवले. फ्लॉपी मात्र बहुतेकांना हातानंच जोडावी लागे.

या उशिराचं कारण विचारलं तर 'तेव्हा हार्डवेअर आपोआप ओळखता येत नव्हतं' असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खरं घोडं अडलं होतं ते अधिकारापाशी. कोणीतरी बाहेरून एक डिस्क आणली आहे, आत काय आहे ते यंत्रणेला माहीत नाही. अशी डिस्क यंत्रणेचाच भाग करून घ्यायची, तर परवानगी कोणी द्यायची? लिनक्सनं या प्रश्नाचं जे उत्तर घडवलं, ते मला त्याच्या सगळ्या रचनेतलं फार विचारी काम वाटतं. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून इथे उलगडून सांगतो.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला स्वतःचं अक्षर असतं: सी, डी, ई. पेनड्राइव्ह आला की पुढचं मोकळं अक्षर त्याला मिळतं. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, अशी वेगवेगळी दालनं नाहीत. सगळ्या फायलींचं एकच झाड असतं आणि त्याचं मूळ म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, स्लॅश. नवी डिस्क आली की तिच्यावरच्या फायलींचं छोटं झाड या मोठ्या झाडाच्या एखाद्या फोल्डरवर बसवायचं. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसचं कलम बांधतात तसं. एकदा ते बसलं की वापरणाऱ्याला सांधा जाणवत नाही. 'मीडिया' फोल्डरातून आत जाता जाता आपण मुख्य डिस्कवरून पेनड्राइव्हवर कधी आलो, ते कळतही नाही. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात आणि ही कल्पना युनिक्सइतकीच जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत माउंटची आज्ञा आहे.

तेव्हाचा संगणक मोठा, एकच आणि अनेकांचा. माणसं आपापल्या टर्मिनलवर बसत. डिस्क बदलायचं काम यंत्राजवळच्या माणसाचं. त्यामुळे माउंट करण्याचा अधिकार 'रूट'कडे, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकारी खात्याकडे राहिला. यामागे शिस्तीपेक्षा मोठं कारण होतं. युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रामवर अशी खूण ठेवता येते की तो कोणीही चालवला तरी त्याला मालकाचे अधिकार मिळतात. 'सेटयुआयडी' हे तिचं नाव. डेनिस रिची यांना तिच्यासाठी पेटंट मिळालं होतं. स्वतःचा पासवर्ड बदलायचा तर पासवर्डांची संरक्षित फाइल लिहावी लागते आणि ती लिहायचा अधिकार फक्त रूटला. म्हणून पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामवर ही खूण असते, आणि तेवढ्या कामापुरता सामान्य माणूस रूटच्या हातानं लिहितो.

आता दुष्ट माणसाच्या नजरेनं पाहा. मी घरच्या संगणकावर रूट आहे. तिथे मी एका फ्लॉपीवर साधा शेल, म्हणजे आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम, ठेवला, त्याचा मालक रूट केला आणि त्याच्यावर ही खूण लावली. ती फ्लॉपी कॉलेजच्या संगणकात घातली आणि तिथल्या यंत्रणेनं ती निमूटपणे झाडावर चढवून घेतली, तर तो शेल चालवताक्षणी मी कॉलेजच्या यंत्रणेचाही रूट. पासवर्ड फोडायला नको, काही नको. दुसरी वाट उपकरण-फायलींची. युनिक्समध्ये मुख्य डिस्कसुद्धा एका विशेष फायलीच्या रूपानं दिसते. तशी फाइल सर्वांना वाचायची मुभा देऊन फ्लॉपीवर तयार करून आणली, तर समोरच्या यंत्राची अख्खी डिस्क वाचता येईल. म्हणजे जोडणं आणि ताबा देणं या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या सोडवल्याखेरीज 'आपोआप' हा शब्द काढणंही धोक्याचं होतं.

सोडवणूक माउंटच्या पर्यायांतून झाली. 'नोसुइड' म्हणजे या डिस्कवरच्या सेटयुआयडी खुणांना किंमत द्यायची नाही. 'नोडेव्ह' म्हणजे इथल्या उपकरण-फायली उपकरणं मानायच्या नाहीत. जुन्या लिनक्समध्ये प्रशासक 'एफएसटॅब' नावाच्या यादीत फ्लॉपीची एक ओळ लिहून त्यापुढे 'युजर' असा शेरा मारत असे. मग कोणालाही ती फ्लॉपी जोडता येई, आणि हे दोन्ही निर्बंध, शिवाय डिस्कवरचे प्रोग्राम थेट न चालवण्याचा तिसरा, आपसूक लागू होत. जोडण्याची आज्ञा मात्र तरीही माणसानंच द्यायची. पीसीचा फ्लॉपी-ड्राइव्ह 'माझ्यात डिस्क घातली आहे' असं उठून सांगत नाही. ड्राइव्हला विचारायला गेल्यावरच बदल कळतो. मॅन्ड्रेक नावाच्या लिनक्स वितरणानं 'सुपरमाउंट' ही युक्ती वापरली होती: फोल्डर उघडला की त्या क्षणी डिस्क जोडायची. कल्पना चांगली होती, पण ती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मुख्य धारेत कधी गेली नाही.

चित्र बदललं यूएसबीमुळे. १९९६ साली तिची पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या चमूचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह बाजारात आले आणि एफएसटॅबची पद्धत अपुरी पडली. फ्लॉपीचा ड्राइव्ह एकच, त्याचं नाव कायमचं ठरलेलं. यूएसबीचं तसं नाही: आज जो पेनड्राइव्ह 'एसडीबी' म्हणून दिसला, तोच उद्या बाहेरची हार्डडिस्क आधी लावलेली असेल तर 'एसडीसी' म्हणून दिसेल. कोणती डिस्क कोणत्या नावानं येणार हेच ठाऊक नसेल, तर प्रशासकानं ओळ लिहायची कशाची?

२००३-०४ ही दोन वर्षं या गोष्टीत कळीची आहेत. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युडेव्ह' लिहिलं. उपकरणांची नावं कर्नलबाहेर, नियम वाचून ठरवणारा हा प्रोग्राम. डिसेंबर २००३ मध्ये कर्नलची २.६ ही आवृत्ती आली. तिनं सगळ्या उपकरणांची माहिती फायलींच्या रूपात उघडी करून ठेवली. प्रोग्रामांना एकमेकांशी बोलायला 'डी-बस' तयार झाली. डेव्हिड झॉयथेन यांनी 'हॅल' हा उपकरणांची खबर ठेवणारा मध्यस्थ लिहिला, आणि २००४ साली रॉबर्ट लव्ह यांच्या 'प्रोजेक्ट यूटोपिया'नं हे सगळे तुकडे जुळवून ग्नोम डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह आपोआप उघडून दाखवला. हॅल पुढे अवजड झाला आणि त्याच्या जागी 'युडिस्क्स' आला. आजही तोच आहे.

आता आजचा क्रम. पेनड्राइव्ह आत जाताच वेगाच्या हिशेबानं दोन डेटा-तारांपैकी एकीवरचा व्होल्टेज दीड किलोओहमच्या रोधामुळे वर चढतो. एवढ्यावरून संगणकाला कळतं की कोणीतरी आलं आहे. कर्नल त्याला क्रमांक देतो आणि ओळख विचारतो. पेनड्राइव्ह आपला वर्ग सांगतो: साठवणूक. मग कर्नलचा 'यूएसबी-स्टोरेज' चालक त्याला हाताशी घेतो आणि सेकंदभर थांबतो, कारण लावल्या-लावल्या सगळीच उपकरणं उत्तर द्यायला तयार नसतात. ही वाट पाहण्याची मुदत पूर्वी ५ सेकंद होती. जुन्या लिनक्सवर पेनड्राइव्ह 'उशिरा' दिसायचा त्याचं एक कारण हेच. त्यानंतर डिस्कवरच्या विभागांचा तक्ता वाचला जातो आणि कर्नल जाहीर करतो की एक नवी डिस्क आहे, तिच्यावर इतके विभाग आहेत. कर्नलचं काम इथे संपतं. तो स्वतःहून काहीही माउंट करत नाही.

ही घोषणा युडेव्ह ऐकतो. तो विभागाच्या सुरुवातीचे बाइट तपासून फाइल सिस्टीम, म्हणजे फायली मांडण्याची पद्धत, कोणती ते ओळखतो. ईएक्सटी-४ असेल तर सुरुवातीपासून १,०८० बाइट पुढे दोन बाइटांची ठरलेली खूण असते. एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये चौथ्या बाइटपासून चक्क त्यांची नावंच लिहिलेली असतात. सोबत त्या फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळखक्रमांक आणि तिला दिलेलं नाव, म्हणजे लेबल, हेही युडेव्ह टिपतो. 'एसडीबी'चं उद्या 'एसडीसी' झालं तरी हा क्रमांक बदलत नाही, म्हणून पुढचा सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो.

माउंट करण्याचं प्रत्यक्ष काम युडिस्क्सचं. तो रूटच्या अधिकारानं चालतो, पण आपण होऊन हात हलवत नाही. विनंती यावी लागते, आणि ती डेस्कटॉप करतो. म्हणूनच डेस्कटॉपनुसार वागणूक बदलते: ग्नोममध्ये पेनड्राइव्ह आपोआप जोडला जातो; केडीईमध्ये मुळात फक्त सूचना येते आणि जोडायचं का ते तुम्ही ठरवता, हवं असेल तर आपोआपचा पर्याय निवडता; एक्सएफसीईमध्ये 'थुनार-वोलमन' हे काम करतो; डेस्कटॉपविना नुसती काळी खिडकी असलेल्या सर्व्हरवर काहीच होत नाही. 'माझ्या लिनक्सवर पेनड्राइव्ह दिसत नाही' असं कोणी म्हणालं की आधी विचारावं ते हे. बहुतेक वेळा कर्नलनं डिस्क ओळखलेली असते, फक्त विनंती करणारं कोणी नसतं.

विनंती आली की युडिस्क्स 'पोलकिट' या तिसऱ्याच प्रोग्रामला विचारतो: हा माणूस कोण, आणि तो या संगणकासमोर आत्ता बसलेला आहे का? माझ्या मते संपूर्ण रचनेचं मर्म या प्रश्नात आहे. समोर बसलेल्या, चालू सत्रातल्या माणसाला काढता-घालता येणारी डिस्क जोडायला पासवर्ड लागत नाही. तोच माणूस दुरून नेटवर्कवरून आत आला असेल तर लागतो. समोर बसूनही त्यानं संगणकाच्या आतल्या डिस्कचा विभाग जोडायला घेतला, तरी प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. म्हणजे हक्क खात्यावरून ठरत नाही. माणूस कुठे आहे आणि डिस्क कोणती आहे, यावरून ठरतो. ज्यानं हातानं पेनड्राइव्ह लावला त्याला तो वाचता यावा, पण त्यामुळे तो यंत्राचा धनी होऊ नये. नोसुइड आणि नोडेव्ह हे दोन्ही पर्याय युडिस्क्स न विचारता लावतो. १९७१ पासूनची गाठ इथे सुटली.

कार्ड-रीडरची गोष्ट जरा वेगळी. रीडर जोडलेलाच राहतो, बदलतं ते कार्ड, आणि ते बदलल्याचं सांगणारं कोणी नसतं. तिथे कर्नल दर २ सेकंदांनी स्वतः विचारून पाहतो. २०११ पूर्वी हेच विचारणं कर्नलबाहेरचे प्रोग्राम करत असत.

जोडलेल्या डिस्कच्या फोल्डरला तिच्या लेबलाचं नाव मिळतं. लेबल नसेल तर ओळखक्रमांकाचं. मराठी माणसाला इथे एक बारकावा उपयोगी पडेल. लेबल देवनागरीत देता येतं, पण सगळीकडे नाही. जुन्या फॅट पद्धतीत त्याला फक्त ११ बाइटांची जागा असते आणि तीही युनिकोडपूर्व काळातल्या संकेतावलीची. देवनागरीला तिथे थारा नाही. एक्सफॅटमध्ये ११ युनिकोड चिन्हं बसतात, मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'छायाचित्रे' हे नाव दिसतं चार अक्षरी, मोजलं जातं १० चिन्हांचं, आणि बसतं. ईएक्सटी-४ मध्ये जागा १६ बाइटांची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटांचं. म्हणजे पाच चिन्हं. 'गाणी' बसेल, 'छायाचित्रे' बसणार नाही. फायलींच्या नावांची अडचण मात्र उरलेली नाही. फॅटमध्येसुद्धा लांब नावं युनिकोडमध्ये साठवली जातात. पूर्वी हातानं माउंट करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय राहून गेला की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. आता युडिस्क्स तो पर्याय स्वतःच लावतो.

आत येणं सोपं झालं, बाहेर काढणं मात्र अजून माणसाच्या हाती आहे. लिनक्स लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर पाठवत नाही. आधी मेमरीत जमा करतो. मेमरीत साठलेला मजकूर नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांपर्यंत तिथेच राहू शकतो, आणि मोकळ्या मेमरीच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत असा मजकूर साचू दिला जातो. ८ जीबी मोकळी असेल तर दीड जीबीहून जास्त. पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीच्या वेगानं लिहीत असेल, तर एवढं उतरायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. चित्रपट कॉपी झाल्याची हिरवी पट्टी पूर्ण भरते, माणूस पेनड्राइव्ह ओढून काढतो आणि घरी जाऊन पाहतो तर फाइल अर्धी. पट्टीचा अर्थ इतकाच असतो की मजकूर मेमरीत पोचला. या मर्यादा संगणकांत मेमरी थोडी असण्याच्या काळात ठरल्या. २०१३ साली लिनक्सच्या विकासकांत यावर बरीच चर्चा झाली, पण टक्केवारीची मूळ पद्धत कायम आहे. मला ती आजच्या पेनड्राइव्हसाठी चुकीची वाटते.

'मग प्रत्येक गोष्ट तत्काळ लिहावी' हा उपाय करून झाला आहे. २००५ मध्ये कर्नलच्या २.६.१२ आवृत्तीत फॅटसाठी तो पर्याय खऱ्या अर्थानं लागू झाला, आणि लिहिण्याचा वेग कोसळला. शिवाय फाइल लिहिताना फॅटचा तक्ता एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिला जाऊ लागला. फ्लॅश मेमरीची एकेक पेशी ठरावीक वेळाच लिहिता येते. स्वस्तातले पेनड्राइव्ह यामुळे झिजून निकामी होत. पुढे 'फ्लश' नावाचा मधला मार्ग निघाला: थोडं जमू द्यायचं, फाइल बंद झाली की लगेच उतरवायला घ्यायचं. फॅटसाठी युडिस्क्स तो वापरतो. तरीही 'अनमाउंट' किंवा 'सुरक्षितपणे काढा' म्हणणं टळत नाही. त्यावर 'डिस्क वापरात आहे' असं उत्तर आलं, तर एखादी फाइल कुठेतरी उघडी आहे, किंवा काळ्या खिडकीत तुम्ही त्याच फोल्डरात उभे आहात. तिथून बाहेर पडा, काम होईल.

राहिला धोक्याचा भाग. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, हे अनेकांनी पाहिलं आहे. त्या काळात पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम सुरू करून देणारी विंडोजची 'ऑटोरन' सोय विषाणूंनी मनसोक्त वापरली; २००८ चा कॉनफिकर पसरायला तिचीही मदत झाली. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही ती आवळली. लिनक्समध्ये जोडणं आणि चालवणं ही पहिल्यापासून वेगळी पावलं आहेत. डिस्कवर आपोआप सुरू होणारा प्रोग्राम असला तरी वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय तो चालवायचा नाही, असा डेस्कटॉपांचा सामाईक नियम आहे.

म्हणून लिनक्स निर्धोक आहे असं समजू नये. २०११ सालीच जॉन लॅरिमर या सुरक्षा-संशोधकानं कुलूप लावलेल्या पडद्याचा उबुंटू संगणक पेनड्राइव्ह लावून उघडून दाखवला. पेनड्राइव्ह आपोआप जोडला गेला, फाइल व्यवस्थापकानं आतल्या कागदपत्रांची छोटी चित्रं काढायला घेतली, आणि चित्र काढणाऱ्या प्रोग्राममधल्या चुकीतून त्यानं आत शिरकाव केला. यानंतर पडदा कुलूपबंद असताना ग्नोम डिस्क जोडत नाही आणि चित्रं काढण्याचं काम बंदिस्त कप्प्यात होतं. जून २०२५ मध्ये क्वालिस या कंपनीनं त्याहून गंभीर छिद्र दाखवलं. एक्सएफएस प्रकारच्या विभागाचा आकार बदलताना युडिस्क्सखालचं एक लायब्ररी-मॉड्यूल तो विभाग क्षणभर जोडत असे, आणि तेव्हा नोसुइड लावायचं राहून गेलं होतं. फ्लॉपीच्या काळातला तोच हल्ला, तसाच्या तसा. दुरुस्ती लगेच निघाली, पण ती बसवलेल्यांनाच उपयोगी.

शाळा-महाविद्यालयांत लिनक्सच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे, मग तिथे उबुंटू असो किंवा सी-डॅकनं डेबियनवर उभारलेलं 'बॉस'. यूएसबीची तोंडं टेप लावून बंद करू नका. विद्यार्थ्यांचं काम अडतं. युडिस्क्सच्या माउंट-पर्यायांच्या फायलीत डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडण्याचा किंवा तिच्यावरचे प्रोग्राम न चालवण्याचा पर्याय कायमचा लिहून ठेवता येतो. बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिणार असाल, तर ओळखक्रमांकानं लिहा आणि पुढे 'नोफेल' जोडा. नाहीतर ज्या दिवशी ती डिस्क लावलेली नसेल त्या दिवशी संगणक दीड मिनिट तिची वाट पाहील आणि मग दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबेल. आणि २०२५ च्या जूननंतर त्या यंत्रांवर अद्ययावतन झालेलं नसेल, तर ते आजच करून घ्या.